कार्बन फायबरची पकड सैल का होते?

नेसरीचे नाव घेतले की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी येथे दिलेली झुंज आठवते. त्या काळच्या तलवारीविषयी एक गोष्ट आपल्या शिकलगार बांधवांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तलवार असो, सुरी असो की कोयता, पाते सहसा आधी मोडत नाही. आधी मूठ सैल होते. पात्याचे टोक मुठीत बसवताना पोकळीत गरम लाख किंवा राळ भरतात आणि ती थंड झाली की पाते घट्ट बसते. पुढे घावामागून घाव बसत राहतात. एका घावाने काही होत नाही, पण हजार घावांनंतर मूठ हातात खुळखुळू लागते. पाते शाबूत, मूठही शाबूत, फक्त दोघांना धरून ठेवणारी पकड गेलेली असते.

हीच गोष्ट आज एका नव्या मालाबाबत समजून घेण्याची वेळ आली आहे. हा माल म्हणजे कार्बन फायबर. बॅडमिंटनची रॅकेट, मासे धरण्याची काठी, महागडी सायकल, मोटारसायकलचे सुटे भाग यांच्या रूपाने तो आपल्या दुकानांत शिरला आहे. ऊसपट्ट्यात औषध फवारणीसाठी येऊ लागलेल्या ड्रोनचे हात आणि पंखे यांतही तो सर्रास असतो. नोव्हेंबर १९२३ नव्हे, तर अगदी अलीकडे, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतही ड्रोन दिसू लागले. जिथे यंत्र आले तिथे दुरुस्तीचा धंदाही येणारच. गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातील आपल्या तरुण मिस्त्री मंडळींनी या धंद्यात उतरण्यापूर्वी या मालाचा स्वभाव जाणून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धागा आणि राळ

बाजारात ज्याला आपण नुसते ‘कार्बन फायबर’ म्हणतो तो एक पदार्थ नाही. त्यात दोन पदार्थ असतात. एक कार्बनचा धागा आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी राळ, म्हणजे दुकानात जिला रेझिन म्हणतात ती. बहुतेक चांगल्या मालात ही राळ इपॉक्सी जातीची असते. अशा जोडमालाला शास्त्रीय भाषेत संमिश्र पदार्थ म्हणतात. कल्पना नवी नाही. चिखलात गवताचा पेंढा तुडवून भिंत घालणारे आपले वाडवडील हेच करीत होते. चिखल दाब सहन करतो, पेंढा ताण सहन करतो आणि दोघे मिळून भिंत उभी राहते.

कार्बनचा एक धागा साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. असे ३ हजार, ६ हजार किंवा १२ हजार धागे एकत्र करून एक पट्टा होतो आणि त्या पट्ट्यांचे ताणा-बाणा घालून कापड विणतात. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, तर कार्बन धाग्याची पावणेदोन पट. म्हणजे वजन पाव हिश्शाहूनही कमी. ताकद मात्र साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. पण नुसता धागा घेऊन काही करता येत नाही. दोरीवर उभे राहता येत नाही तसेच ते आहे. धाग्याला आकार देणारी, त्याला वाकू न देणारी आणि शेजारच्या धाग्याशी त्याची गाठ घालणारी राळ हवीच.

आता अडचण अशी, की कार्बनचा धागा मुळात गुळगुळीत आणि अलिप्त असतो. राळ त्याला सहजासहजी चिकटत नाही. म्हणून कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने प्रक्रिया करतात, म्हणजे तो किंचित खरखरीत होतो आणि त्यावर राळेशी जुळणारे रासायनिक दुवे तयार होतात. त्यानंतर धाग्यावर एक पातळ लेप चढवतात. या लेपाला सायझिंग म्हणतात. इचलकरंजीच्या मोमीन बांधवांना हा शब्द समजावून सांगायला नको. मागावर चढण्यापूर्वी सुताच्या ताण्याला खळ देतात ते सायझिंग आणि हे सायझिंग एकाच कुळातले. वजनाने हा लेप जेमतेम एक टक्का असतो, पण मालाचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते. तो लेप ज्या राळेसाठी बनवला आहे तीच राळ वापरली पाहिजे. इपॉक्सीसाठी लेप दिलेल्या कापडावर स्वस्त पडते म्हणून पॉलिएस्टर रेझिन ओतले तर वस्तू दिसायला तशीच होते, पण पकड कच्ची राहते.

पकडीचे काम काय?

कार्बनचा धागा राळेपेक्षा सुमारे सत्तर ते पंचाहत्तर पट ताठ असतो. वस्तूवर भार पडला की तो भार धाग्यांनी उचलायचा असतो. पण भार प्रथम येतो राळेवर आणि राळेकडून धाग्याकडे जातो तो फक्त दोघांच्या सांध्यातून. हा सांधा किती मोठा असतो, याचा हिशेब केला तर नवल वाटते. साखरेच्या लहान चौकोनी खड्याएवढा, एक घन सेंटिमीटर आकाराचा तुकडा घ्या. त्यात साठ टक्के धागे असतील तर धागे आणि राळ यांच्या सांध्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे साडेतीन चौरस फूट भरते. म्हणजे अर्ध्या जानमाजेएवढा सांधा त्या एका खड्यात घडी घालून ठेवलेला असतो.

या सांध्याचे दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. हजारो धाग्यांत एखादा कच्चा असणारच आणि तो तुटणारच. पकड चांगली असेल तर तुटलेल्या धाग्याचा भार राळेतून शेजारच्या धाग्यांकडे जातो आणि पाव-अर्ध्या मिलिमीटर अंतरावर तोच तुटलेला धागा पुन्हा आपला वाटा उचलू लागतो. जणू मोहल्ल्यातील एक घर अडचणीत आले तर शेजाऱ्यांनी त्याचा भार थोडा वेळ वाटून घ्यावा. पकड निम्म्यावर आली की हे अंतर दुप्पट होते. तुटलेला धागा दूरवर निकामी होतो, शेजाऱ्यांवर जास्त भार पडतो आणि मग तेही तुटू लागतात.

पुन्हा पुन्हा भार पडला की

एकदाच मोठा भार टाकून वस्तू मोडणे वेगळे आणि लहान भार लाखो वेळा टाकणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला थकवा म्हणतात. धातूलाही थकवा येतो. तार पुढे-मागे वाकवून तोडताना आपण रोज तो पाहतो. पण धातूत बहुधा एक चीर सुरू होते आणि तीच वाढत जाऊन वस्तू मोडते. संमिश्र मालात असे एकाच ठिकाणी होत नाही. तेथे नुकसान सगळीकडे थोडे थोडे पसरते.

त्याचा क्रम साधारण असा असतो. चांगल्या वस्तूत कापडाचे थर वेगवेगळ्या दिशांनी घातलेले असतात. ज्या थरातील धागे भाराच्या दिशेला आडवे असतात, तेथे प्रथम धाग्यापासून राळ सुटते. अशा शेजारी शेजारी सुटलेल्या जागा जोडल्या जाऊन राळेत बारीक चीर पडते. भार येत-जात राहतो तशी चिरांची संख्या वाढत जाते आणि एका मर्यादेला येऊन थांबते. येथपर्यंत वस्तूचा ताठपणा थोडा कमी झालेला असतो, पण डोळ्याला काही दिसत नाही. पुढे या चिरा जिथे थराच्या सीमेला लागतात तिथे दोन थर एकमेकांपासून सुटू लागतात. हे सर्वांत घातक. थर सुटले की वस्तू जुन्या पुस्तकाच्या पानांसारखी होते आणि दाब आला की वाकून बाहेर फुगते. शेवटी भाराच्या दिशेचे धागे एकामागून एक तुटतात आणि वस्तू अचानक मोडते.

म्हणून गिऱ्हाईक जेव्हा म्हणते, “चाचा, कालपर्यंत तर चांगली होती हो, आज एकदम कशी तुटली?” तेव्हा खरे उत्तर असे, की ती कालही चांगली नव्हती. फक्त कळले आज.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्बन फायबर थकत नाही असे विक्रेते सांगतात, ते अर्धे खरे आहे. धाग्याच्या दिशेने ताण असेल तर तो खरोखर चिवट आहे. एका दमात तोडायला जेवढा भार लागतो त्याच्या साठ-सत्तर टक्के भार तो लाखो वेळा सोसतो. पोलाद बहुधा निम्म्याच्या आसपास अडते. पण भार आडवा आला, पीळ बसला किंवा दाबाखाली वाकण्याची वेळ आली, की काम धाग्याचे राहत नाही, ते राळेचे आणि पकडीचे होते. तेथे हा माल धातूइतका विश्वासू नाही. सायकलची चौकट दोन्ही टोकांना ताणली तर तुटणार नाही, पण तीच आडवी पाडली, तिच्यावर दगड आपटला किंवा चिमटा जास्त आवळला तर आतून सुटेल.

पकड जितकी घट्ट तितके चांगले, असेही नाही. पकड अती घट्ट असेल तर एका धाग्याची चीर सरळ शेजारच्या धाग्यात घुसते आणि वस्तू काचेसारखी कडकन फुटते. पकड बेताची असेल तर चीर धाग्यापाशी येऊन वळते, धाग्याच्या कडेने थोडी धावते आणि तिचा जोर तेथेच संपतो. म्हणून कारखानदार पकड मोजूनमापून ठेवतात.

पाणी आणि ऊन

आपल्या भागातील पाऊस सर्वांना माहीत आहे. इपॉक्सी राळ हळूहळू पाणी पिते. वजनाने एक-दोन टक्के, काही जातींत त्याहून जास्त. पाणी शिरले की राळ मऊ होते, फुगते आणि सांध्यापर्यंत जाऊन तेथील दुवे सैल करते. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला तर आपण ती पाण्यात भिजत ठेवतो, कारण लाकूड फुगून घट्ट बसते. येथे नेमके उलटे आहे. पाण्याने पकड जाते. काचेच्या धाग्याला, म्हणजे आपल्या नेहमीच्या फायबरग्लासला, हा धोका कार्बनपेक्षा जास्त, कारण पाणी काचेच्या पृष्ठभागालाच खाते.

उष्णतेचाही परिणाम आहे. राळ भट्टीत १२० ते १८० अंशांवर पक्की केली जाते. थंड होताना राळ आकसते, धागा मात्र जवळजवळ आकसत नाही. म्हणून नव्याकोऱ्या वस्तूतही सांध्यावर थोडा ताण आधीपासून असतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा फेरा रोज चालला तर तोही एक प्रकारचा वारंवार पडणारा भारच होय.

आपल्या आसपासची उदाहरणे

हे सारे कागदावरचे ज्ञान नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर किंवा सांगली जिल्ह्यात ढालगावकडे गेल्यास पवनचक्क्यांची रांग दिसते. तिची पाती मुख्यत्वे काचेच्या धाग्याची असतात. जगात आता जी फार लांब पाती बनतात त्यांच्या कण्यात कार्बनचे पट्टे घालतात. चक्की मिनिटाला १५ फेरे घेते आणि वर्षातील निम्मा वेळ फिरते असे धरले, तरी २० वर्षांत सुमारे पावणेआठ कोटी फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पाते एकदा वर जाते, एकदा खाली येते आणि त्याचे स्वतःचे वजन त्याला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वाकवते. 

दुसरे उदाहरण माणसाच्या पायाचे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. आज जगभर कार्बन फायबरची लवचिक कृत्रिम पावले वापरात आहेत. दिवसाला पाच हजार पावले चालणारा माणूस एका पायावर अडीच हजार वेळा भार टाकतो. वर्षाला नऊ लाखांहून अधिक वेळा. म्हणूनच अशी पावले विक्रीस येण्यापूर्वी त्यांच्यावर यंत्राने लाखो वेळा भार टाकून पाहतात.

तिसरे उदाहरण तेजस विमानाचे. त्याच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा संमिश्र मालाचा आहे. या विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला झाले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस एमके-१ए आकाशात गेले. म्हणजे हा माल हाताळणारे कुशल हात आता महाराष्ट्रातही लागणार आहेत.

आणि ड्रोनचे काय? फवारणीच्या ड्रोनचा पंखा मिनिटाला ३ हजार फेरे घेतो असे धरले तर एका तासात १ लाख ८० हजार फेरे होतात. शिवाय पुष्कळ पंख्यांत अखंड धागा नसतो, नायलॉनमध्ये कार्बनचे बारीक तुकडे मिसळलेले असतात. तुकडा आखूड म्हणजे त्याची दोन्ही टोके आतच संपतात आणि त्याला सारा भार सांध्यातूनच घ्यावा लागतो. तेथे पकड गेली की सगळेच गेले.

टायटनचा धडा

१८ जून २०२३ रोजी अटलांटिक महासागरात टायटन नावाची पाणबुडी फुटली. सुमारे ३,८०० मीटर खोल बुडालेले टायटॅनिक जहाज पाहण्यासाठी ती निघाली होती. तीत पाच माणसे होती. त्यांत पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद आणि त्यांचा तरुण मुलगा सुलेमान हे बापलेकही होते. पाचही जण क्षणात गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

या पाणबुडीचा मधला पिंप कार्बन फायबरचा होता. सुमारे पाच इंच जाडीचा, एकेक इंचाचे पाच थर एकमेकांवर चिकटवून केलेला. प्रत्येक बुडीत समुद्राचा प्रचंड दाब त्याच्यावर येई आणि वर आल्यावर उतरे. म्हणजे वारंवार भार, तोही दाबाचा, ज्यात पकडीचीच परीक्षा असते. १५ जुलै २०२२ रोजी ८०व्या बुडीनंतर वर येताना आतल्या लोकांनी मोठा आवाज ऐकला. पिंपावर बसवलेल्या मोजयंत्रांच्या नोंदीही त्यानंतर बदलल्या. चौकशीत तज्ज्ञांनी सांगितले, की त्या वेळी पिंपाचे थर सुटले होते. अवशेषांच्या तपासणीत थरांमध्ये सुरकुत्या आणि पोकळ्याही आढळल्या. तरीही बुड्या चालूच राहिल्या. मधल्या हिवाळ्यात ती पाणबुडी कॅनडात गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर ठेवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने आपल्या अहवालात म्हटले, की हा अपघात टाळता आला असता.

मालाने इशारा दिला होता. ऐकणाराने ऐकले नाही.

मिस्त्रींसाठी काही गोष्टी

आपण पाणबुडी बांधणार नाही, पण ड्रोनचा हात आणि सायकलची चौकट आपल्या दुकानात येणार आहे. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. वरून पाहून समाधान मानू नका. रुपयाच्या नाण्याने सगळीकडे हलकेच ठोकून आवाज ऐका. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. मडके पारखताना आपण हेच करतो. संशय असेल तर तीच वस्तू नवी घेऊन तिच्या आवाजाशी ताडून पाहा.

२. वस्तू वाकवून किंवा दाबून कटकट आवाज येत असेल तर ती कामाला देऊ नका. तो आवाज राळ फाटल्याचा किंवा धागा तुटल्याचा असतो.

३. मोडलेला तुकडा टाकून देण्यापूर्वी भिंगाखाली पाहा. मोडलेल्या जागी धागे झाडूसारखे लांब बाहेर आले असतील आणि अगदी स्वच्छ दिसत असतील, तर पकड कच्ची होती. धाग्यांना राळेचे कण चिकटलेले असतील, तर पकड ठीक होती आणि भारच जास्त पडला असावा.

४. दुरुस्ती करताना वरून पट्टी चिकटवून रंग मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. खराब भाग घासून काढा. कड सरळ न ठेवता लांब उतरती करा. एक मिलिमीटर खोलीला निदान वीस ते तीस मिलिमीटर उतार हवा. भार हळूहळू नव्या थरात जायला ही जागा लागते.

५. चिकटवण्याची जागा कोरडी आणि तेलकटपणा नसलेली असावी. घासून अॅसिटोनने पुसल्यावर तिला बोट लावू नका. पावसाळ्यात वस्तू आधी मंद उष्णतेवर पूर्ण सुकवून घ्या. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो, तो पुसल्याशिवाय दुसरा हात चढवू नका.

६. राळ आणि हार्डनर वजन करून घ्या, अंदाजाने नको. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला तर राळ कच्ची किंवा ठिसूळ राहते.

७. कार्बन आणि अॅल्युमिनियम थेट भिडवू नका. ओलावा मिळाला, त्यातून खत-औषधाचे पाणी असले, की अॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि सांधा ढिला होतो. मध्ये फायबरग्लासचा एक पातळ थर घाला.

८. नळी कापली किंवा भोक पाडले तर उघडी कड इपॉक्सीने बंद करा, नाहीतर तेथून पाणी शिरते. चिमटे आणि स्क्रू गरजेपुरतेच आवळा.

९. ड्रोनच्या पंख्याला खाच पडली तर तो चिकटवू नका, बदला.

१०. घासताना तोंडाला मास्क लावा. कार्बनची भुकटी वीज वाहून नेते, म्हणून ती मोटारी आणि सर्किटजवळ उडू देऊ नका.

हिशेब सचोटीचा

शेवटी एक गोष्ट. आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. या मालाचे दुखणे आत असते आणि वरून झाकता येते. एक हात काळा रंग, एक हात पॉलिश, की मोडकळीला आलेली चौकट नव्यासारखी दिसते. बाजारात साध्या प्लॅस्टिकवर कार्बनच्या विणीचा छापील कागद चिकटवून तोच माल ‘कार्बन’ म्हणून विकला जातो, हेही आपण पाहतो. गिऱ्हाइकाला यातले काही कळत नाही. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातील त्या प्रसंगाची आठवण येथे होते. ते धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, अशी सक्त ताकीद दिली. पावसाने धान्य भिजणे हा दोष नव्हता. ते झाकणे हा दोष होता.

कार्बन फायबरच्या बाबतीत हा धडा तंतोतंत लागू पडतो. पकड सैल होणे हा मालाचा स्वभाव आहे, त्यात दुकानदाराचा गुन्हा नाही. पण ठोकून पाहिल्यावर आवाज बद्द आला असेल, तर तो गिऱ्हाइकाला ऐकवणे आपले कर्तव्य आहे. सेकंडहॅण्ड सायकल विकताना ती पडलेली आहे की नाही हे सांगावे. दुरुस्तीच्या पावतीवर कोठे काम केले ते लिहावे. जी वस्तू दुरुस्त होण्यासारखी नाही तिला सरळ ‘नाही’ म्हणावे. चार पैसे त्या दिवशी कमी मिळतील. परंतु ज्या मिस्त्रीने एकदा ‘नाही’ म्हटले, त्याच्या ‘होय’ला बाजारात किंमत येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी तिजारतीत अनुभवले आहे.

शिकलगाराच्या हातातली सुरी असो किंवा शेतावरून उडणारा ड्रोन असो, शेवटी कोणाचे तरी बोट, कोणाचा तरी जीव त्या पकडीवर टांगलेला असतो. नवा हुन्नर जरूर शिकावा. आपल्या तरुणांनी त्यात पुढे यावे. मात्र पारख आणि सचोटी ही आपली जुनी भांडवले सोबत घेऊनच. मग त्या रोजीत बरकत होईल, इन्शाअल्लाह.